जपानी शिकताना मधे इंग्रजी कशाला?



अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे. परदेशी नेमणूक होण्याआधी अधिकाऱ्यांना तिथे त्या त्या देशाची भाषा शिकवतात. कुठल्या भाषेला किती वेळ द्यावा लागतो, याचा या संस्थेचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. स्पॅनिशला सहाशे-साडेसातशे तास पुरतात, जपानीला मात्र २२०० तास, म्हणजे ८८ आठवडे. आपल्याकडे जपानी शिकू पाहणारी मुलं हा आकडा ऐकून हबकतात. पण तो हिशेब मातृभाषा इंग्रजी असलेल्यांसाठी मांडलेला आहे.

इंग्रजाची अडचण खरी आहे. कोणी काय केलं हे वाक्याच्या तोंडाशीच सांगून मोकळं व्हायची त्याला सवय. जपानीत क्रियापद शेवटी, नकार क्रियापदाच्या शेपटाला, आणि प्रश्न त्याच्याही मागून. ‘ताबेमासु’ म्हणजे खातो, ‘ताबेमासेन’ म्हणजे खात नाही, ‘ताबेमासेन का’ म्हणजे खात नाही का? हो, ‘का’च. निव्वळ योगायोग आहे, पण सोयीचा आहे. इंग्रजीत ‘पासून’, ‘ला’, ‘मध्ये’ ही सगळी मंडळी नामाच्या पुढे उभी असतात. जपानीत ती मागून येतात: ‘तोक्यो कारा’, तोक्योहून. ‘किनो कात्ता होन’ म्हणजे काल घेतलेलं पुस्तक. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजाला इथे आधी पुस्तक घ्यावं लागतं आणि काल काय झालं ते मागून जोडावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. जपानीत क्रियापदाचं एक ‘ते’कारान्त रूप असतं. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. त्याला ‘मिरु’, म्हणजे पाहणे, जोडलं की ‘ताबेते मिरु’, खाऊन पाहणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘किप्पु ओ कात्ते ओकु’, तिकीट घेऊन ठेवणे. ‘मोत्ते कुरु’, घेऊन येणे. ‘मोत्ते इकु’, घेऊन जाणे. ‘ताबेते शिमात्ता’ला तर आपलं ‘खाऊन टाकलं’ हुबेहूब बसतं, त्यातल्या ‘अरे, संपलंच की’ या हळहळीसकट. इंग्रजी टिपांमध्ये यातलं जवळजवळ प्रत्येक रूप निराळा नियम म्हणून येतं: हे प्रयत्न दाखवण्यासाठी, हे पूर्वतयारीसाठी, हे पश्चात्तापासाठी. सदाशिव पेठेतला विद्यार्थी ते नियम इंग्रजीतून पाठ करतो आणि घरी आल्यावर आईला म्हणतो, ‘भाजी जरा चाखून बघ.’ दोन्हींचा संबंध त्याला कोणी दाखवलेलाच नसतो.

दोष त्याचा नाही. ‘मिन्ना नो निहोंगो’सारखं पुस्तक हातात घ्या, धडे जपानीत, आणि व्याकरणाच्या टिपा आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजीतून वाचतात. जपानीकडे असं इंग्रजी चष्म्यातून पाहणं खुद्द जपानमध्येही घडलं आहे. १८८६ साली तोक्योच्या शाही विद्यापीठात जपानी भाषेचा प्राध्यापक म्हणून नेमला गेला तो बेसिल हॉल चेंबरलेन नावाचा इंग्रज! पाश्चात्त्य व्याकरणातला ‘कर्ता’ जपानी वाक्यात शोधायची रीत त्या काळात रुजत गेली. अकिरा मिकामी या गणिताच्या शिक्षकाने तिच्याविरुद्ध लढा दिला. १९६० साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच एक वाक्य आहे: ‘झो वा हाना गा नागाई’. हत्तीचं म्हणाल, तर नाक लांब. यात कर्ता हत्ती की नाक, यावर इंग्रजी डोकं शिणतं. मिकामीचं म्हणणं असं, की आधी विषय मांडला आहे, मग त्याच्याबद्दल काहीतरी सांगितलं आहे, बस्स.

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या कोणालाही विचारा, ‘मला आंबा आवडतो’ यात कर्ता कोण? आंबा. जपानीतही ‘वाताशि वा मांगो गा सुकि देसु’ म्हणताना कर्त्याचा ‘गा’ आंब्यालाच लागतो. इंग्रज शिकाऊ मात्र हटकून तिथे कर्माचा ‘ओ’ लावतो, कारण त्याच्या भाषेत आवडणं ही आंब्यावर करायची क्रिया आहे.

सगळंच फुकटात मिळतं असं मात्र समजू नका. विशेषणालाच भूतकाळ चालवायचा, ‘ताकाई’ म्हणजे महाग आणि ‘ताकाकात्ता’ म्हणजे महाग होतं, हे आपल्यालाही नवं. लांबट वस्तू मोजायच्या तर ‘इप्पोन, निहोन, सांबोन’ ही कसरत सगळ्यांच्याच नशिबी. विषय मांडणारा ‘वा’ आणि कर्त्याचा ‘गा’ यांतला बारकावा वर्षानुवर्षं छळतो, आणि कांजी लिपीपुढे मराठी-इंग्रजी असा भेदभाव नाही. त्या २२०० तासांतले बरेचसे तिच्याच खात्यावर जात असावेत, असा माझा तर्क आहे.

पण वाक्यरचनेपुरतं तरी आपण इंग्रजाची अडचण उसनी घेऊ नये. जपानी शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: नवं वाक्य आलं की वहीत त्याच्याखाली आधी त्याच क्रमाने मराठी शब्द लिहा, आणि इंग्रजी टीप त्यानंतर वाचा. शिकवणाऱ्यांना विनंती अशी, की या व्याकरणाच्या टिपा कोणीतरी थेट मराठीतून लिहायला घ्याव्यात.