जुन्या ट्रकची ठिणगी

पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारींच्या काळात चालकाच्या हत्यारपेटीत एक बारीक कानस हटकून असे. पावसाळी सकाळी इंजिन दाद देईनासे झाले, की तो बॉनेट उघडी, डिस्ट्रिब्यूटरचे काळे टोपण काढून फडक्याने कोरडे करी आणि आतल्या दोन चिमुकल्या टिकल्यांवरून ती कानस फिरवी. या टिकल्या म्हणजेच पॉइंट. इकडचे मिस्त्री त्यांना सरसकट ‘प्लॅटिनम’ म्हणत. वास्तविक पुढे त्या टंगस्टनच्या होऊ लागल्या. पण नाव एकदा रुळले ते रुळले!

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी बॅटरीवर चालणारी ही योजना सिद्ध केली आणि पुढे साठएक वर्षे तिचे राज्य चालले. टिकल्या मिटलेल्या असतात तोवर बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. त्या उघडताच प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या झटक्याने कॉइलच्या बारीक वेढ्यांत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर ही उघडझाप सेकंदाला दीडशे वेळा व्हावी लागते. कंडेन्सर सोबतीला असला तरी दर खेपेस टिकल्या किंचित जळतात. त्यांना उचलणारा फायबरचा ठोकळा झिजतो, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. ही फट असते तरी केवढी? शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरी ट्रकात ती इंचाच्या सोळा सहस्रांशांच्या जवळपास, म्हणजे जाडशा व्हिजिटिंग कार्डाएवढी! तेवढ्यात बिघाड झाला, की भरलेली गाडी चढावर धापा टाकते.

क्रायस्लर कंपनीने 1973 च्या आपल्या अमेरिकन मोटारींतून पॉइंट काढूनच टाकले आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन सर्रास बसविले. याच कंपनीच्या डॉज आणि फार्गो मालमोटारी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात एकेकाळी जोडल्या जात. आता जुना ट्रक जतन करणारेही तोच बदल आपल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये करून घेतात. आसावर चुंबकांचे लहानसे कडे चढवावयाचे आणि टिकल्यांच्या जागी संवेदक बसवावयाचा. चुंबक समोरून गेला की संवेदकाला ते कळते. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामाचाच हा उपयोग. पुढे प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. कोठे स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. आज लावलेली वेळ वर्षानेही बहुधा तीच राहते.

काम स्क्रूड्रायव्हरचे आहे खरे, परंतु घाईचे नव्हे. प्रथम गाडीची वीज ओळखावी लागते. फोर्डच्या ट्रकांत 1955 पर्यंत 6 व्होल्टची बॅटरी असे आणि तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. 1956 पासून 12 व्होल्ट आले आणि ऋण टोक सांगाड्याला गेले. एकासाठी केलेला संच दुसऱ्याला लावला, तर तो किल्ली फिरविताच जळावयाचा. पुष्कळशा 12 व्होल्टच्या गाड्यांत पॉइंट वाचविण्यासाठी कॉइलच्या वाटेवर एक रोधक घातलेला असतो. नव्या संचाची तार चुकून त्या रोधकापुढे जोडली, की गंमत होते : स्टार्टर फिरत असताना पूर्ण दाब मिळून इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच अडखळू लागते. मालक मग कार्बुरेटर उघडून बसतो. संचाला बॅटरीचा पूर्ण दाब देणारी वेगळी तार ओढली, तर हा घोळ होत नाही. जुन्या धर्तीच्या संचांत इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली, तरी संच तापून निकामी होऊ शकतो.

शिवाय आसाचा बुश झिजलेला असेल, तर चुंबक ती डुगडुग बरीचशी सहन करतो, पण ठिणगीची वेळ डळमळायची ती डळमळतेच. वेग वाढला की ठिणगी आगाऊ पाडणारी आतली वजने गंजली असतील, तर त्यांच्यावर इलेक्ट्रॉनिक युक्तीची मात्रा चालत नाही. हे आधी दुरुस्त करावे, मग संच बसवावा आणि शेवटी टायमिंग-लाइट लावून वेळ नव्याने जुळवावी.

रोज राबणाऱ्या ट्रकला हा बदल निःसंशय मानवतो. वर्षातून दोनदा प्रदर्शनापुरत्या बाहेर निघणाऱ्या गाडीला पॉइंट पुरे आहेत. दोहोंच्या स्वभावात एक भेद मात्र चालकाने ओळखून असावे. पॉइंट बिघडतात ते कुरकुरत, आठ दिवस आधी सूचना देऊन. आणि वाटेत कानशीने सावरताही येतात. संच जातो तो एकाएकी, आणि रस्त्याच्या कडेला त्यावर कोणाचेच हत्यार चालत नाही. म्हणून जाणता मालक काढलेली जुनी पट्टी पॉइंट आणि कंडेन्सरसकट फडक्यात गुंडाळून, फट मोजण्याच्या पात्यासह हत्यारपेटीत ठेवतो. बहुतेक संचांसाठी डिस्ट्रिब्यूटरला नवे भोक पाडावे लागत नाही; त्यामुळे ती पट्टी जुन्याच स्क्रूंवर पुन्हा बसते आणि गाडी आपल्या चाकांवर घरी येते.