हिवाळ्यात हौदाचं पाणी

आपल्या भंडाऱ्यात पाण्याचा बर्फ होत नाही, पण पूस महिन्यात रातभर उघड्यावर राहिलेल्या पाण्याला गाय तोंड लावते अन् मागे सरते. दूध घटलं तेव्हा आम्ही ढेपेला दोष दिला. गायीच्या कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. दुधात शंभरात 87 भाग पाणीच, अन् खायला कोरडी तणस!

आता हौद रात्री रिकामा करतो. बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, तेच भरतो. लाईट नसली तर चुलीवरचं गुंडभर गरम पाणी मिसळतो.

नवा हौद बांधाल तर सकाळचं ऊन पडेल तिथं बांधा. तळाला उतार अन् बूच ठेवा. आम्ही बूच विसरलो, म्हणून रोज बादलीनं उपसतो. आतून चुना मारा, शेवाळ कमी धरतं. उन्हाळ्यात मात्र त्याच हौदावर तट्ट्याची सावली लागेल.