कुरुंदवाड बघून आलो, त्याची हकिकत
(वनजमीन शिबिरात केलेल्या बोलण्याचा मजकूर)



२००५ च्या पावसाळ्यात आपण पाड्यापाड्यांतून मूठ-मूठ धान्य गोळा केलं होतं. कृष्णाकाठी पूर आलाय, माणसं उघड्यावर आहेत, म्हणून. ते धान्य घेऊन आम्ही पाच जण कुरुंदवाडला गेलो. परत आल्यावर सगळे एकच विचारत होते, ‘तिथं ऊसवाले बागायतदार, त्यांना आपली नागली कशाला?’ प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज तिथं काय बघितलं ते सांगतो. शेवटी आपल्या कामाची गोष्टही त्यातूनच निघणार आहे.

कुरुंदवाड हे कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं लहान शहर. वस्ती २० हजारांच्या वर. रेल्वेनं जयसिंगपूरला उतरायचं, तिथून एस.टी.नं जायचं. पंचगंगेच्या एका काठाला नरसोबाची वाडी, दुसऱ्या काठाला कुरुंदवाड. इथंच पंचगंगा कृष्णेला मिळते. नदीवर दगडी घाट आहे. सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी संगमाजवळ आहे, ती लोक आवर्जून दाखवतात. कर्नाटकची हद्द जवळ, म्हणून बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतं. जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान, दलित अशी सगळी वस्ती आहे. आम्ही गेलो तेव्हा गणपती जवळ आले होते. तिथल्या काही मशिदींत गणपती बसवतात, हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पूर आला की देऊळही पाण्यात आणि मशीदही पाण्यात, असं एका म्हाताऱ्या चाचांनी हसत सांगितलं.

आता या गावाचा जुना काळ ऐका. १७३३ साली पेशव्यांनी पटवर्धन घराण्याला हा मुलूख लावून दिला. पुढं भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या. १८५४ साली कुरुंदवाडच्याच दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीचं संस्थान १८५ चौरस मैलांचं, तेही एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं. १९०१ च्या शिरगणतीत त्यात ४२ हजारांवर माणसं होती. ८ मार्च १९४८ ला दख्खनची ही संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली.

बघा, या सगळ्या गोष्टीत एक वस्तू सारखी येते. कागद! मुलूख मिळाला तो सनदेनं. वाटणी झाली ती कागदावर. राज्य गेलं तेही सहीनं. राजा गेला, पण कुणाचं शेत कुठं, कुणाचा वाडा किती हात, हे दफ्तरात राहिलं. त्याच काळात आपले आजे-पणजे जंगलात राब जाळून नागली-वरई पिकवत होतेच की! पण त्यांच्या नावाचं दफ्तर कुणी लिहिलं नाही. लिहिलं ते साहेबानं, आणि त्यानं लिहिलं ‘राखीव जंगल’. माणूस तिथं होता हे लिहायचंच राहिलं. राहिलं की ठेवलं, ते तुम्हीच ठरवा.

या गावचा एक मोठा माणूस सांगतो. विष्णु दिगंबर पलुस्कर. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यानं डोळे भाजले, नजर अधू झाली. शाळा शिकणं अवघड झालं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. पुढं १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं एका घराच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात जायचं. बुवांनी ते लिहायची पद्धत बसवली, पुस्तकं छापली, म्हणून ते चार घराण्यांबाहेर गेलं. नजर अधू असलेल्या माणसानं तोंडातली विद्या कागदावर आणली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

आता पुराचं. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या डोंगरातल्या नद्यांचं पाणी. कृष्णा येते महाबळेश्वराकडून. कऱ्हाडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, आणि मग वाडी-कुरुंदवाडला पंचगंगा. म्हणजे अख्ख्या सह्याद्रीचं पाणी या एका टोकाला गोळा होतं. दरवर्षी वाडीच्या दत्ताच्या देवळात पाणी शिरतं, लोक त्याला दक्षिणद्वार म्हणतात, त्यात स्नान करतात. पण २००५ चं पाणी स्नानाचं नव्हतं. जुलैच्या शेवटाला चढलं ते दिवस-दिवस उतरेना. लोक म्हणतात, खाली कर्नाटकात अलमट्टी धरण तुंबलं म्हणून फुगवटा आला. कर्नाटक म्हणतं, तसं नाही. वरच्या धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, हाही वाद आहेच. आम्ही काही इंजिनिअर नाही. पण धरणाच्या वर असलेल्याची जमीन बुडते आणि खाली असलेल्याचं घर बुडतं, आणि पाणी कधी सोडायचं हे दोघांनाही विचारत नाहीत, एवढं आम्हाला कळतं. कोयनेनं उठवलेल्या माणसांचंही गाऱ्हाणं हेच.

ऊसवाल्याला नागली कशाला, याचं उत्तर आता देतो. ज्याचा ऊस त्याच्याकडे आपण गेलोच नाही. नदीकाठच्या उतारावर राहणारी माणसं वेगळी. शेतमजूर, भाडेकरू, बाहेरून पोटाला आलेली. पंचनामा होतो तो घराचा. घर ज्याच्या नावावर, घरपट्टीची पावती ज्याच्या हातात, त्याचं नाव आधी. जो नुसताच राहतो, त्याला विचारतात, ‘इथं राहतोस याचा पुरावा काय?’ हा सवाल ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. हा तर फॉरेस्टवाल्यांचा सवाल! एक बाई म्हणाली, ‘भिंतीवर पाण्याची रेघ आहे, तिच्याखाली माझी चूल आहे, अजून काय पुरावा देऊ?’ आपली नागली त्या चुलीवर शिजली.

बागायतदारही सुखात आहे असं समजू नका. पाणी आणि खत जास्त झालं, निचरा नाही, म्हणून शिरोळ तालुक्यात हजारो एकर काळी जमीन क्षारपड झालीय. वर मीठ फुटतं, खाली काही उगवत नाही. सात-बारा आहे, पण पीक नाही. म्हणजे नुसता कागद असून भागत नाही, जमीन सांभाळावीही लागते. आपण जंगल राखतो म्हणतो ते त्यासाठीच.

आणखी एक फरक सांगतो. तिथं नगरपालिका आहे. लोक नगरसेवक निवडतात, घरपट्टी-पाणीपट्टी भरतात, कारभार सरकारचा मुख्याधिकारी बघतो. पण सगळ्या गावानं एका जागी बसून हात वर करून ठरवायचं, अशी ग्रामसभा शहराला नसते. आपल्याकडे ती आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानं तिला जोर दिलाय. शहराकडे दफ्तर आहे, आपल्याकडे सभा आहे. आपण सभेतून दफ्तर तयार करायचं.

आता कामाचं. मे २००२ मध्ये दिल्लीहून पत्र निघालं, अतिक्रमणं हटवा, आणि पिकात हत्ती-बुलडोझर घातले गेले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला आपल्या राज्य सरकारला ठराव काढावा लागला, गावाच्या कमिटीनं दावे तपासायचे, आणि म्हाताऱ्या माणसांची साक्षही धरायची. हे मोर्चांनी मिळवलेलं आहे. पुढं १३ डिसेंबर २००५ ला लोकसभेत वनहक्काचं विधेयक मांडलं गेलं. त्यात अट होती, २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचा ताबा दाखवा. पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद आपण कुठून आणणार होतो? आणि त्या विधेयकात फक्त आदिवासी होते. पंचगंगेच्या उगमाकडे डोंगरात धनगरवाडे आहेत, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलात आहेत, त्यांचं नाव त्यात नव्हतं. तारीख पुढं आणा आणि जंगलात राहणारे सगळे घ्या, ही तेव्हा आपली मागणी होती.

आता घरी जाऊन हे करा. दंडाची पावती असेल, फॉरेस्टची केस असेल, कोर्टाची तारीख असेल, फेकू नका. ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार केलं, तीच आपण तिथं होतो असं सांगते. पत्र्याच्या डब्यात, उंदीर आणि पाणी लागणार नाही असं ठेवा. आजोबांनी लावलेला आंबा, जुनं जोतं, बांध, देवाची जागा, मसणवटा, सगळं फिरून बघा आणि वहीत लिहा. आज्या-आजोबांना सभेत बसवा, ते बोलतील ते शाळेत जाणाऱ्या पोरीनं लिहावं, खाली त्यांचे अंगठे घ्यावेत. पुढचा पावसाळा सगळ्याच म्हाताऱ्यांना दिसेल असं नाही.

त्या बाईच्या भिंतीवरची रेघ पुढच्या चुन्याच्या हातानं पुसली जाईल. आपली रेघ वहीत उतरली पाहिजे. पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं एक वही घेऊन यायचं. रिकामी नको.

जिंदाबाद!