शिस्त छडीची की कौतुकाची?
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शिक्षणशास्त्रावर मी काय बोलणार? पण मुले आपलीच आहेत. म्हणून आपल्या भागातील हायस्कुलाच्या तीन शिक्षकांना भेटले. मारण्याऐवजी कौतुकाने शिस्त लावण्याविषयी ते काय म्हणाले, तेच सांगते.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. एक गुरुजी म्हणाले, "छडी गेली, बरे झाले. पण साठ मुलांचा वर्ग तिच्यावाचून कसा सांभाळावा, हे आम्हांला कोणी शिकवले?" त्यांचे म्हणणे खोटे नाही.

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "पहिलीतले मूल वहीवरच्या चांदणीने हरखते. नववीच्या मुलाला सर्वांदेखत शाबासकी दिली तर मित्र त्याला चिडवतात. त्याला बाजूला घेऊन, नेमके काय चांगले केलेस ते सांगावे. ऊठसूट बक्षिसे दिली, तर मुले बक्षिसापुरतीच चांगली वागतात."

तिसरे गुरुजी म्हणाले, "नियम थोडे असावेत, पण सगळ्या शिक्षकांनी सारखे पाळावेत. आणि शिक्षेआधी कारण विचारावे." त्यांच्या वर्गातला एक मुलगा रोज उशिरा येई, रोज वर्गाबाहेर उभा राही. तो शाळा सोडण्याच्या बेतात होता. विचारल्यावर कळले, पहाटे तो घरोघर दुधाच्या पिशव्या टाकतो. गुरुजी दूधवाल्याशी बोलले, दोन गल्ल्या कमी झाल्या. मुलगा वेळेवर येऊ लागला.

ही रीत आपल्याला नवी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरीत. मुलेच मग शरमून आवरू लागली.

तिघांचीही तक्रार मात्र आपल्याविषयी आहे. आपणच शाळेत जाऊन सांगतो, "हवे तर मारा, पण त्याला सरळ करा." घरी मार आणि शाळेत कौतुक, यांचा मेळ कसा बसावा? तेव्हा पुढच्या पालकसभेला गुणांबरोबर एवढेही विचारू या : माझ्या मुलाचे चांगले काय दिसले? आणि घरी येऊन ते त्याला सांगू या.