दुर्बलतेचे मोजमाप



हवामानबदलाचा शेतीवर काय परिणाम होईल, ही चर्चा बहुधा तापमान आणि पाऊस यांच्या आकड्यांपाशीच थांबते. परंतु आघात आणि दुर्बलता या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच दुष्काळात एका घराचा एक हंगाम बुडतो, तर शेजारच्या घराला गाव सोडावे लागते. हा फरक जमीन, पाणी, पत आणि सत्ता यांच्या विषम वाटपातून येतो. म्हणूनच दुर्बलता मोजण्याचे काम केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

हे मोजमाप होते तरी कसे? हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ साली देशातील ५७३ ग्रामीण जिल्ह्यांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात १०९ जिल्हे अत्यंत जोखमीचे आणि २०१ जिल्हे मोठ्या जोखमीचे ठरले. अशा अभ्यासात पावसाची अनिश्चितता, सिंचन, भूजल, साक्षरता यांसारखे निर्देशक निवडतात, ते एका मापात आणतात, प्रत्येकाला कमीअधिक भार देतात आणि त्यातून जिल्ह्याचा निर्देशांक काढतात. हे काम मोलाचे आहे. निधी आधी कोठे पोचावा, हे ठरविण्यास त्याची मदत होते. मात्र कोणता निर्देशक घ्यावा आणि त्याला किती भार द्यावा, हा निर्णय निव्वळ गणिताचा नसतो. त्यामागे सामाजिक दृष्टी असते.

पहिली अडचण सरासरीची. सोलापूर जिल्हा घ्यावा. तेथे उजनीच्या कालव्यांवर उसाचे मळे उभे राहिले. त्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडील कोरडवाहू गावे कित्येक दशके पाण्यासाठी झगडत आली. या दोहोंची सरासरी ना बागायतीचे खरे चित्र देते, ना जिरायतीचे.

दुसरी अडचण हेक्टरची. नुकसान हेक्टरी मोजले, की ज्याच्यापाशी जमीनच नाही तो हिशेबातून गळतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ११ कोटी ८८ लाख शेतकरी होते, तर शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. पीक करपले, की मजुराचा रोजगार बुडतो. त्या बुडालेल्या दिवसांचा पंचनामा होत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी आणि आयुष्यभर शेतात राबूनही मालकीहक्क नसलेली स्त्री यांची गतही वेगळी नाही.

तिसरी अडचण काळाची. सिंचन वाढले, की शेतीची तग धरण्याची शक्ती वाढली, असे मानले जाते. पण ते सिंचन दरवर्षी अधिक खोल जाणाऱ्या विंधनविहिरींवर उभे असेल, तर आजचे बळ हीच उद्याची दुर्बलता ठरते. पाणी आटते आणि कर्ज तेवढे मागे राहते.

दुर्बलता अटळ नसते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात पाऊस कोणाच्याच हाती नव्हता. काम देणे मात्र शासनाच्या हाती होते. त्या अनुभवातून, आणि श्रमिकांच्या रेट्यातून, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला व १९७९ पासून अंमलात आला. त्याने पाऊसमान बदलले नाही. पण अवर्षणात काम मागण्याचा हक्क मिळाल्याने मजुराच्या पायाखाली थोडी जमीन आली.

म्हणून कार्यकर्त्यांनी निर्देशांक नाकारू नये. तो गावापर्यंत आणि घरापर्यंत नेण्याचा आग्रह धरावा. गेल्या अवर्षणात किती घरांनी जनावरे विकली? किती जणांनी कोणाकडून आणि किती व्याजाने कर्ज काढले? किती मजुरांचे किती दिवस बुडाले? किती कुटुंबे स्थलांतरित झाली? पाणी शेवटपर्यंत कोणाच्या शेतात होते? या पाच प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत जाहीरपणे नोंदवून घ्यावीत. जिल्ह्याच्या नकाशात जे दिसत नाही, ते या नोंदींत दिसेल. आणि मदतीची मागणी कोणासाठी करावयाची, याविषयी संदेह राहणार नाही.