घरचा पीसीबी आणि गप्प बसलेली चिप

घरी केलेल्या पीसीबीवर मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम उतरत नाही, तेव्हा पहिला संशय चिपवर घेतला जातो. दोष मात्र बहुतेक वेळा बोर्डात असतो. जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असे बोर्ड करण्यासाठी विषय शोधत दूर जावे लागत नाही. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते आणि रावेर-यावलच्या केळीला पाणी द्यायला कोणाला तरी जागावे लागते. जमिनीतली ओल पाहून मोटार चालू-बंद करणारे साधन ही इथली खरी गरज आहे. अशा प्रकल्पात २८ पायांची अॅटमेगा ३२८पी ही चिप सहज वापरता येते.

तपासणी तांब्यापासून सुरू होते. लेझर प्रिंट इस्त्रीने कॉपर क्लॅडवर उतरवताना चित्र आपोआप एकदा उलटते. मुळातच उलटी प्रिंट काढली असेल, तर पाय क्रमांक १ च्या जागी २८ येतो, ७ च्या जागी २२. सातवा पाय ५ व्होल्टचा आणि बाविसावा ग्राउंडचा. म्हणजे चिपला वीज थेट उलटी मिळते आणि चिप बोटाला चटका देते. वीज ताबडतोब तोडावी. बोर्ड मात्र फेकायचे कारण नाही: सॉकेट तांब्याच्या बाजूला बसवून सोल्डर केले की क्रम सरळ होतो. धुळ्याच्या थंडीत फेरिक क्लोराईड गार पडते आणि तांबे सावकाश खाते. घाई केली तर दोन ट्रॅकमध्ये केसाएवढे तांबे राहते. डोळ्याला दिसत नाही, पण मल्टिमीटरचा बीप ते सांगतो. म्हणून चिप बसवण्याआधीच प्रत्येक शेजारच्या ट्रॅकची कंटिन्युटी पाहिलेली बरी.

मग वीज. मल्टिमीटरच्या पिना ट्रॅकवर न टेकवता चिपच्या पायांवर टेकवाव्यात, म्हणजे ड्राय सोल्डर पकडला जातो. ७ आणि ८ यांच्यात ५ व्होल्ट मिळाले तरी काम संपत नाही. २० लाही ५ व्होल्ट आणि २२ ला ग्राउंड लागतोच. अॅनालॉग भाग वापरायचा नाही म्हणून विसावा पाय मोकळा सोडणे चुकीचे आहे. चिपला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि रिसेटच्या पहिल्या पायापासून ५ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर असावा.

यानंतर प्रोग्रामर जोडून चिपची सिग्नेचर, म्हणजे तिच्या ओळखीचे आकडे, वाचावी. निदानाची सगळ्यात मोलाची पायरी हीच. १ई ९५ ०एफ असे उत्तर आले, तर वीज, रिसेट आणि तिन्ही डेटा वायरी ठीक आहेत. १ई ९५ १४ आले, तर चिप पी नसलेली ३२८ आहे. सॉफ्टवेअरमध्ये नाव बदलले की काम होते. सगळी शून्ये किंवा सगळे एफएफ आले, तर १७, १८, १९ या पायांच्या वायरी तपासाव्यात. त्याच पायांवर एलईडी किंवा रिलेचा ड्रायव्हर लावला असेल, तर तो तेवढ्यापुरता काढावा. दर वेळी वेगळेच आकडे आले, तर वायर लांब आहे किंवा प्रोग्रामरचा वेग जास्त आहे. कोरी चिप १ मेगाहर्ट्‌झवर चालते आणि प्रोग्रामरचे घड्याळ तिच्या चौथाईपेक्षा, म्हणजे २५० किलोहर्ट्‌झपेक्षा, संथ असावे लागते.

कालपर्यंत बोलणारी चिप फ्यूज (चिपच्या आतल्या सेटिंगचे बिट) बदलताच गप्प झाली, तर तिला मेलेली समजू नये. बहुधा फ्यूजने तिला बाहेरचा क्रिस्टल वापरायला सांगितले आहे आणि तो चालत नाही, एवढेच. क्रिस्टलच्या दोन्ही टोकांना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर आहेत का, ते पाहावे. तरीही जमले नाही, तर दुसऱ्या चालू बोर्डावरून नवव्या पायाला घड्याळाचा सिग्नल द्यावा आणि फ्यूज पुन्हा लिहावा. अशी चिप टाकून नवी आणण्याची सवय शिकण्याच्या आड येते.

प्रोग्राम उतरला, टेबलावर चालला, पण मोटारीच्या पेटीत गेल्यावर मध्येच पहिल्यापासून सुरू होऊ लागला, तर खोट रिलेकडे शोधावी. रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, रिलेला वेगळा पुरवठा आणि ४.३ व्होल्टचा ब्राउन-आउट फ्यूज, ही तजवीज बोर्ड शेतावर नेण्याआधीच करायची असते.