जुना संगणक आणि आपला शनिवार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणींचा कार्यक्रम छान रंगला आहे. संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि तीही जेवणाच्या आधीची. त्यामुळे मुद्द्यावर लवकर येतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या ऑफिसात, कारखान्यात, दवाखान्यात जिन्याखाली एक जागा असते. तिथे जुने संगणक एकावर एक रचलेले असतात. गेल्या काही दिवसांत ही चळत वाढली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्ययावतने थांबवली. विंडोज ११ च्या अटी कडक आहेत, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रे त्यात बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण निवृत्त. आपल्यातल्या काही जणांसारखेच.

आता दुसरी बाजू. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक ऊसतोडीला जातात, बांधकामावर जातात, भाजीची गाडी लावतात. घरात स्मार्टफोन असतो, पण तो बाबांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी आला की आधी भावाच्या हातात जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन. मुले तो सायबर कॅफेत भरून घेतात आणि एक अक्षर चुकले तर दुरुस्तीचे पुन्हा पैसे मोजतात. शाळेच्या संगणक कक्षात एका यंत्रामागे चार मुले. एक टाइप करतो, तिघे बघतात.

जिन्याखालची यंत्रे आणि ही मुले यांना जोडणारी गोष्ट म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीची कल्पना जाहीर केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दात दोन अर्थांची गल्लत होते. आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे उघडून पाहता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. शिकणाऱ्या मुलाला या दुसऱ्या शब्दाची जास्त गरज आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन परिसरात केन स्टार्क्स नावाच्या गृहस्थांनी २००५ पासून हेच काम केले. टाकून दिलेले संगणक गोळा करायचे, दुरुस्त करायचे, त्यावर लिनक्स घालायचे आणि गरीब घरांतल्या मुलांना द्यायचे. पुढे या कामाला ‘रीग्लू’ हे नाव मिळाले. दहा वर्षांत अकराशेहून अधिक संगणक मुलांच्या घरी गेले आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१४ चा सामाजिक उपयुक्ततेचा पुरस्कार या संस्थेला दिला.

त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये तिथल्या एका शाळेत एक मुलगा वर्गमित्रांना लिनक्सच्या सीडी वाटत होता. बाईंनी त्या जप्त केल्या आणि स्टार्क्स यांना खरमरीत पत्र लिहिले, की कोणतेही सॉफ्टवेअर फुकट नसते, मुलांना भलते शिकवू नका. आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात, तिथे फुकट ते चोरीचे ठरले! बाईंना हसण्याचे कारण नाही. ज्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचली नाही, त्या शिक्षकाने काळजीपोटी असेच केले असते. म्हणून यंत्र शाळेत नेण्याआधी शिक्षकांशी बोलणे हे पहिले काम.

आता एक कटू अनुभव ऐका. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही जगभर गाजलेली योजना आठवत असेल. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवरही लिनक्सच होते. भारतातला तिचा एक सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, एका एकशिक्षकी शाळेत झाला. पेरू देशाने तर असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची शास्त्रशुद्ध पाहणी झाली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. सामान्य आकलनाच्या चाचण्यांत थोडा फरक दिसला, एवढेच. यंत्रे पोहोचली होती, सॉफ्टवेअरही मुक्त होते. पण त्या यंत्राचे वर्गात काय करायचे, हे शिक्षकांबरोबर बसून दाखवणारे माणूस पुरेसे नव्हते.

याउलट ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात २००० साली सुरू झालेली ‘फ्री गीक’ ही संस्था पाहा. तिथे संगणक दान म्हणून हातात ठेवत नसत. चोवीस तास स्वयंसेवक म्हणून काम करा आणि एक संगणक घरी न्या, अशी पद्धत होती. आलेली यंत्रे उघडायची, सुटे भाग तपासायचे, चालणारे वेगळे काढायचे. ज्याने स्क्रू फिरवले आहेत, त्याला यंत्र बंद पडल्यावर भीती वाटत नाही. आणि कष्टाने मिळवलेली वस्तू कोणी भंगारात विकत नाही.

आपल्या देशात केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरच वापरायचे ठरवले. पण आधी शिक्षक तयार केले. आज तिथे ‘लिटल काइट्स’ या मंडळांत शाळेतली मुलेच शाळेचे संगणक सांभाळायला शिकतात. मराठीची अडचणही आता सबब राहिलेली नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ मराठीतही आहेत. एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून बघायचे.

काही जण विचारतील, नोकरीत तर विंडोजच लागते ना? प्रश्न रास्त आहे. टॅलीसारखी काही सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण फाइल कुठे ठेवायची, हिशेबाच्या तक्त्यात सूत्र कसे घालायचे, मराठीत अर्ज कसा टाइप करायचा, हे लिबरऑफिसवर शिकलेल्या मुलीला दुसरीकडे गेल्यावर चार दिवस लागतील. अजिबात न शिकलेलीला चार वर्षेही पुरणार नाहीत.

आमच्या १९८९ च्या बॅचने मुख्याध्यापक बाईंशी बोलून एक आराखडा केला आहे. पहिल्या वर्षी दहा यंत्रे आणि नववीची दहा मुले, त्यांत निम्म्या मुली. बारा शनिवार, दर शनिवारी दोन तास, म्हणजे पोर्टलंडसारखेच चोवीस तास. मुलांनी यंत्र उघडायचे, धूळ काढायची, रॅम वाढवायची, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची, लिनक्स मिंट घालायचे आणि मग त्यावर काम शिकायचे. तेराव्या शनिवारी ते यंत्र ज्याने बांधले त्याच्या घरी जाईल. पुढे बिघडले तर फोन कोणाला करायचा, त्याचे नाव यंत्राच्या मागे चिकटवलेले असेल.

देणाऱ्यांना दोन विनंत्या. यंत्रावरची तुमची माहिती पूर्ण पुसून द्या. आणि जे चालत नाही ते आम्हाला देऊ नका, ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. शाळा म्हणजे भंगाराचे दुकान नव्हे.

बाहेर मांडवात टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत, ‘यंत्र’ आणि ‘शनिवार’. सकाळी मी पाहिले, तेव्हा पहिल्या रकान्यात चौदा संगणक नोंदले गेले होते. दुसऱ्या रकान्यात दोन नावे होती, त्यातले एक माझे. संगणकातले फार कळायला हवे असे नाही. पाठ लावून मुलीशेजारी बसणे, तिच्याबरोबर शिकणे, पुढच्या शनिवारी पुन्हा येणे, एवढे ज्याला जमेल त्याने दुसऱ्या रकान्यात नाव लिहावे. बारा नको, तीन शनिवार लिहा. चार जणांनी तीन-तीन लिहिले की एका मुलीचे वर्ष भरते.

वही जेवणाच्या रांगेच्या वाटेवरच आहे. पेनही बांधून ठेवले आहे.